पाखरांसाठी रान

प्रांतसाहेबांनी माइकवरून ह्यांचं नाव घेतलं, तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात बसले होते आणि मला खरंच आनंद झाला होता. शाळेच्या पटांगणात सगळं काळेवळण गाव जमलेलं, आणि एवढा मोठा अधिकारी विचारत होता, "तुमच्या गावचे श्री. नवनाथ बंडगर आलेत का? जरा पुढं या."

आमचे मालक मागं लिंबाखाली उभे होते. पुढं काही आले नाहीत. तिथूनच लाजून हात जोडले.

"या माणसानं दर थंडीत इथं कोणते पक्षी येतात, कुठं उतरतात, काय खातात, ते सगळं बघून पुण्याला कळवलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. त्याच्यामुळं सरकारला या जागेचं मोल कळलं. आता इथं पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र होणार आहे."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या वनखात्याच्या लोकांनी वाजवल्या, मग गावानंही वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग साहेबांनी हद्द वाचायला घेतली. धरणाचं पाणी, उन्हाळ्यात उघडी पडणारी गाळाची जमीन, आणि पाण्याला लागून असलेली वरची रानं. ही वरची रानं सरकार संपादित करणार होतं. एकेका गटाचा नंबर आणि मालकाचं नाव ते वाचत गेले, तसतशा बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या. आमचंही रान त्यात होतं. पण कुणी ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

भागवत देवकाते उठला. तो आणि आमचे हे एका बाकावर शिकलेले, एका मांडवात लग्नं झालेली. त्याचं रान आमच्या बांधाला बांध लावून.

"साहेब, धरण झालं तवा आमच्या बापांनी काळी जमीन दिली, घरं दिली. गाव पाण्यात गेलं. ह्या माळावर येऊन दगडं वेचली तवा कुठं रान झालं. आता परत उठायचं. कुणासाठी?"

"तुमची हरकत लिहून द्या. प्रत्येकाचं ऐकून घेतल्याशिवाय पुढं काही होणार नाही."

"देतो की. पण कुणासाठी, ते तोंडानं सांगा."

साहेबांनी हातातला कागद खाली केला. मग म्हणाले, "पक्ष्यांसाठी."

कुणी हसलं नाही. भागवत मागं वळला. लिंबाखाली उभ्या असलेल्या ह्यांच्याकडं बघत म्हणाला, "नवनाथ, तुला ठावं होतं हे?"

"न्हाई रे. खरंच न्हाई."

"मग माझं ऐकून ठेव. तुझी पाखरं ह्या गावात कशी राहतात, तेच बघतो."

सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनीही ऐकलं.

ह्यांना पाखरांचा नाद लागला तो पुण्याच्या एका डॉक्टरांमुळं. ते दर हिवाळ्यात पाणथळीवर यायचे आणि आमच्या ओसरीवर डबा खायचे. एका वर्षी त्यांनी आपली जुनी दुर्बीण ह्यांना देऊन टाकली. तेव्हापासून कामधाम उरकलं की हे पाण्याकडं. गाव ज्यांना सरसकट बदकं म्हणायचं, त्यांतली वेगवेगळी नावं हे मला सांगायचे. त्यांतले कादंब मला ओळखू यायचे. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून येतात म्हणे. दिवसा पाण्यात बसायचे आणि सकाळ-संध्याकाळ थव्यानं आमच्या हरभऱ्यात चरायला उतरायचे. नुकसान व्हायचं, नाही असं नाही. पण सासूबाई बांधावर उभ्या राहून टाळी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "झालं असंल पोट भरून तर जावा आता." त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. गळ्यात तुळशीची माळ. घरात उंदीर सापडला तर पिंजऱ्यासकट ओढ्यापलीकडं नेऊन सोडायच्या. तो परत येतो हे त्यांना माहीत होतं.

सभेवरून घरी आलो तेव्हा आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांना आधीच कुणीतरी सांगितलं होतं.

"तू त्यांना सांगितलंस का रं, आमचं रान घ्या म्हणून?"

"न्हाई आई. मी फक्त पाखरं सांगितली."

"मग आता सांग, न्हाईत म्हणावं."

"काय न्हाईत?"

"पाखरं."

"असं कसं सांगू? आहेत की ती. उद्या येऊन कुणीपण बघंल."

"व्हय," त्या म्हणाल्या. "आहेत खरी." आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडी उघडली. मी तिथं सेविका होते. खिचडी शिजवली, चटया अंथरल्या, आणि एकही लेकरू आलं नाही. दुपारी खिचडीचं पातेलं झाकून घरी आणलं. गिरणीवाल्यानं आमचं दळण परत पाठवलं, पट्टा तुटलाय म्हणाला. पट्टा फिरत असलेला मला बाहेरून ऐकू येत होता. डेअरीवर आमच्या दुधात रोज काहीतरी खोट निघायला लागली. शेवटी हे सायकलवरून दूध शेजारच्या गावाला घालायला लागले.

ह्यांनी कुणाशी वाद घातला नाही. एक दिवस धुतलेला सदरा घालून ते एकटेच तालुक्याला गेले आणि प्रांतांच्या कचेरीत आपली हरकत देऊन आले. मला एवढंच सांगितलं, "पाखरांना जागा ठेवा, पण धरणाच्या हद्दीत ठेवा, लोकांची रानं सोडा, असं लिहून दिलंय."

"मग गावात सांगा की तसं."

"कोण खरं मानंल आता?"

मलाही तेच वाटलं. म्हणून मीही बोलले नाही.

आत्याबाईंचं मात्र मला जास्त लागायचं. लग्न होऊन आल्यापासून त्या रोज संध्याकाळी देवळात बायकांबरोबर हरिपाठाला बसायच्या. सभेनंतर पहिल्याच एकादशीला त्या गेल्या आणि लगेच परत आल्या.

"आज लवकर उरकला?" मी विचारलं.

"व्हय. उरकला."

पुढं बऱ्याच दिवसांनी मला कळलं की त्या जाऊन बसल्या, तशा बाकीच्या बायका टाळ खाली ठेवून उठून गेल्या होत्या. देवळात त्या एकट्याच हरिपाठ म्हणून आल्या. त्यानंतर त्या देवळात गेल्या नाहीत. दिवसभर रानात असायच्या. हरभरा घाट्यांवर आला होता, राखणीला जाते म्हणायच्या. मला बरं वाटलं. म्हटलं, रानात तरी कुणी तोंड फिरवत नाही.

त्या दिवशी सकाळी हे दूध घालायला निघाले, आणि मी डोक्यावर पाटी घेऊन रानाकडं. ऊन नुकतंच पडलं होतं. बांधावर आले आणि मला वाटलं, आज कादंब चरून झाल्यावर तिथंच निजलेत. पांढरी डोकी हरभऱ्यात इथंतिथं दिसत होती. मी टाळी वाजवली. कुणी उडालं नाही.

जवळ गेले तर पायापाशी एक पडला होता. मान लांब पसरलेली, चोच उघडी, चोचीच्या कडेला फेस. पलीकडं दुसरा. पलीकडं तीन एकमेकांना चिकटून. मग नजर जाईल तिकडं तेच. काही अजून जिवंत होते. एकजण उठायला बघत होता. पंख जमिनीवर आपटायचा, अर्धा उठायचा आणि तोंडावर पडायचा. परत उठायचा. आवाज कुणाचाच नव्हता. आकाशातून जाताना एवढा गलका करणारी पाखरं, आणि नुसता पंखांचा धप धप आवाज. बांधाशी एक कुत्रं आलं होतं, त्याला मी ढेकूळ मारलं. का मारलं कळलं नाही. माझ्या डोक्यावर पाटी तशीच होती.

ह्यांना बोलवायला मी धावत गेले. सायकलची साखळी निसटली म्हणून ते अजून वेशीपाशीच होते. मी काय बोलले मला आठवत नाही. त्यांनी सायकल टाकली, किटली कलंडली, दूध रस्त्यावर वाहून गेलं.

रानात आल्यावर ते आधी सगळीकडं पळत सुटले. जिवंत असलेल्यांना उचलायचे, पाटात नेऊन चोचीत पाणी घालायचे. पाणी बाहेर यायचं. एकाची मान हातात धरून ते बोलत होते, "थांब, थांब जरा," आणि ती मान हातातल्या हातात सैल पडली. तशी त्यांनी ती अलगद खाली ठेवली आणि मांडी घालून बसले. ढेकळांमध्ये गहू आणि हरभऱ्याचे भिजवलेले दाणे पडले होते. ते त्यांनी चिमटीत धरून वास घेतला. कीडनाशकाचा उग्र वास माझ्यापर्यंतही आला.

"कुणीतरी मुद्दाम केलंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

हळूहळू गाव बांधावर जमलं. कुणी आत येईना. इतकी मेलेली पाखरं कुणी एकदम बघितली नव्हती. जे चार दिवसांपूर्वी पाखरांच्या नावानं शिव्या घालत होते, त्यांनीही टोप्या काढून हातात घेतल्या. भागवतही आला. तो बघतच राहिला आणि मग खाली उकिडवा बसला.

दुपारपर्यंत वनखात्याची जीप आली. प्रांतसाहेबही आले. साहेबांनी बूट चिखलात घालून सगळं रान पायी फिरून पाहिलं, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. वनखात्याच्या अधिकाऱ्यानं ह्यांना विचारलं, "तुमचा कुणावर संशय?"

ह्यांनी भागवतकडं बघितलं. "सभेत तो बोलला होता. सगळ्यांच्या देखत."

"बोललो होतो," भागवत उठून उभा राहिला. "बोललो ते खरं हाय. पण हे म्यां न्हाई केलं, नवनाथ. माझी लेकरं हितं खेळत्यात. म्यां हे करीन?"

"मग कुणी केलं?"

"मला काय ठावं?"

त्याला जीपमध्ये बसायला सांगितलं. तो चढला. हातपाय झाडले नाहीत की आरडाओरडा केला नाही. त्याची बायको लता कडेवर लेकरू घेऊन पळत आली ती थेट आत्याबाईंपाशी. आत्याबाई तेवढा वेळ बांधाशेजारच्या आमच्या गोठ्याच्या दाराशी उभ्या होत्या. रानात त्या आल्याच नव्हत्या, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"आत्या, सांगा की त्यांना," लता रडत म्हणाली. "तुमच्या हाताखाली वाढलाय तो. तो असलं करंल का?"

"न्हाई करणार," आत्याबाई म्हणाल्या.

मग त्या चालत जीपपाशी आल्या. पदर नीट डोक्यावर घेतला, आणि वनखात्याच्या त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "त्याला उतरवा साहेब. दाणे म्यां टाकलेत."

कुणाला काही समजलं नाही. अधिकारी हसला. "आजी, तुम्ही बाजूला व्हा. आम्ही बघतो."

"म्यां टाकलेत."

"आई." हे रानातून चालत आले. हात चिखलानं, फेसानं भरलेले. "आई, भागवतला सोडवायला असलं बोलू नकोस. त्यानं केलं नसंल तर सुटंल तो."

आत्याबाई गोठ्यात गेल्या. गव्हाणीमागं हात घालून त्यांनी घमेलं बाहेर काढलं. तळाला दाणे चिकटलेले होते. दुसऱ्या हातात औषधाची रिकामी बाटली होती. दोन्ही त्यांनी ह्यांच्या पायापाशी ठेवलं.

मी आजवर घरात मरण पाहिलंय, बाळंतपणात बाई गेलेली पाहिली आहे. पण ह्यांचा चेहरा तेव्हा जसा झाला, तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. ते घमेल्याकडं बघत होते आणि ते काय आहे हे जणू त्यांना कळतच नव्हतं.

"का?" प्रांतसाहेबांनी विचारलं. बाकी कुणाला विचारता आलं नसतं.

"धरणाच्या टायमाला उठवलं तवा सांगितलं, माणसांना पाणी पाहिजे," आत्याबाई म्हणाल्या. "माणसांना पाहिजे म्हणल्यावर काय बोलायचं? उठलो. आता म्हणता पाखरांना जागा पाहिजे. म्यां म्हणलं, पाखरं मोप हायत. थोडी मेली तर बाकीची भिऊन दुसरीकडं जातील. पाखरंच न्हाईत म्हणल्यावर तुम्ही रान कशाला घेताल?"

आत्याबाईंनी ह्यांच्याकडं मान वळवली.

"आन् माझ्या लेकाशी गाव बोलंना. त्याच्या डोक्यातून ती जात न्हाईत, तर रानातून तरी जाऊ द्यात, असं वाटलं." त्यांनी एकदा हरभऱ्याकडं बघितलं. "एवढी मरतील असं न्हाई वाटलं. उडून जातील वाटलं."

"दुसऱ्याच्या रानात का नाही टाकलं?" अधिकाऱ्यानं विचारलं. त्याला अजून खरं वाटत नव्हतं.

"दुसऱ्यावर आळ आला असता की."

भागवत जीपमधून खाली उतरला. आत्याबाईंनी गळ्यातली माळ काढली आणि माझ्या हातात दिली. "मंगल, ही देव्हाऱ्यात ठेव. आता माझ्या गळ्यात नको ती." माळ माझ्या हातातून निसटून खाली पडली. मी उचलेपर्यंत त्या जीपपाशी पोचल्या होत्या. पायरी उंच होती, त्यांना चढवेना. हे दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण ते हलले नाहीत. भागवतनं त्यांना दंडाला धरून चढवलं.

जीप गेली. हे परत रानात गेले आणि त्यांनी खड्डा खणायला घेतला.

संध्याकाळी आमच्या दारात बायका आल्या. कुणाच्या हातात पिठलं, कुणाच्या हातात भाकरी. गिरणीवाल्याची आई आली आणि जात्यावर दळल्यासारखं बारीक पीठ ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत सगळी लेकरं आली, मला चटया पुरल्या नाहीत. मी त्यांना खिचडी वाढत राहिले. लता माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आत्यांनी गावासाठी केलं गं."

आत्याबाई जामिनावर सुटून आल्या, तेव्हा वेशीवर बायका ओवाळायला उभ्या होत्या. पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं. आत्याबाईंची नजर सगळ्यांच्या डोक्यांवरून कुणालातरी शोधत होती. हे आले नव्हते. घरी आल्यावर मी देव्हाऱ्यातली माळ त्यांच्यापुढं धरली. त्यांनी मान हलवली. पुढच्या एकादशीला बायका त्यांना हाताला धरून हरिपाठाला घेऊन गेल्या. त्या गेल्या, पण माळेशिवाय.

हे त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे. "जेवलीस का", "औषध घेतलंस का", एवढंच. ताटात वाढलेलं खाऊन उठायचे. पाण्याकडं जाणं त्यांनी बंद केलं. दुर्बीण एका माणसाबरोबर पुण्याला परत पाठवून दिली.

त्यानंतर सुनावणी झाली. तालुक्याच्या कचेरीत गावातली सगळी माणसं जाऊन आपापलं म्हणणं मांडून आली. आम्हीही गेलो. सगळं संपल्यावर शिपाई येऊन म्हणाला, बंडगर नवरा-बायकोला साहेबांनी आत बोलावलंय.

प्रांतसाहेबांनी आम्हाला खुर्च्यांवर बसायला सांगितलं. बराच वेळ ते टेबलावरची काच पुसत होते.

"तुमची हरकत मी वाचली होती," ते ह्यांना म्हणाले. "सगळ्यांत आधी तुमची आली. इतरांनी लिहिलं होतं, रान देणार नाही. तुम्ही लिहिलं होतं, पक्षी राहतात पाण्यात आणि गाळात, वरच्या रानात फक्त चरायला येतात, आणि इतकी वर्षं लोकांनी त्यांना चरू दिलंय. रान लोकांकडं राहिलं तरी पाखरांना धोका नाही. मला ते पटलं. मी स्वतः येऊन बघून गेलो होतो, तुम्हाला कळू दिलं नाही. वरिष्ठांशी बोललो. तेही तयार झाले होते. वरची सगळी रानं वगळायची, असं ठरत आलं होतं."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते समोर बघत होते.

"आता मी काय सांगू?" साहेब म्हणाले. "लोकांच्या रानात पाखरं सुरक्षित आहेत, हे आता कुठल्या तोंडानं म्हणू? वर्तमानपत्रांत फोटो आलेत. वरून विचारणा आली. आता एक गुंठाही वगळता येणार नाही. मला वाईट वाटतं, बंडगर. गावाला मी सांगू शकतो, की तुम्ही त्यांच्यासाठी भांडला होता आणि जवळजवळ जिंकला होता. तेवढं मला करू द्या. तुमच्यावरचा बोल तरी जाईल."

"नको साहेब," हे म्हणाले.

"अहो, खरं तेच सांगणार आहे."

"तेच नको." ते उठले. "हे गावात कुणाला कळता कामा नये. तुमच्या पाया पडतो."

आणि खरंच वाकले. "नाही सांगत," म्हणत साहेब घाईनं उठून उभे राहिले.

एस.टी. स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो. मला राहवेना. "सांगायला पाहिजे होतं तुम्ही. गाव तुमच्या नावानं खडे फोडतंय. जन्मभर फोडंल."

"फोडू दे."

"पण का?"

"मग आईच्या नावानं फोडंल." ते रस्त्याकडं बघत होते. "रानं पाखरांमुळं गेली म्हणत्यात. उद्या म्हातारीमुळं गेली म्हणतील. तिच्या शेजारी देवळात चार बायका बसत्यात आत्ता. त्या उठून जातील."

गाडी आली. आम्ही दोन वेगवेगळ्या बाकांवर बसलो, एकत्र जागा नव्हती. सबंध वाटेत मी त्यांच्या डोक्याची मागची बाजू बघत होते. जी आई नजरेसमोर नको झाली होती, तिच्यासाठी हा माणूस सगळं गाव अंगावर घ्यायला तयार झाला होता, आणि घरी जाऊन तो तिच्याशी दोन शब्दही बोलणार नव्हता.

रानं गेली. मोजणीवाले आले, दगड रोवले, कुंपण घातलं. लोकांना दुसरीकडं जमिनी घ्याव्या लागल्या, काही कारखान्यावर कामाला गेले. भागवत मुलांना घेऊन बारामतीला गेला. जाताना आत्याबाईंच्या पाया पडला. "तुम्ही तरी काहीतरी केलंत," तो म्हणाला. मग ह्यांच्याकडं बघून म्हणाला, "तू काय केलंस रं आमच्यासाठी?"

"काय न्हाई," हे म्हणाले.

मी लताचं गाठोडं उचलून गाडीत ठेवलं.

आम्ही त्याच गावात राहिलो. हे एका वीटभट्टीवर हिशेबनीस म्हणून लागले. लोक त्यांना पाठीमागं 'पाखऱ्या' म्हणायचे, पुढं पुढं तोंडावरही. आत्याबाईंवरचा खटला तारखा पडत पडत लांबला आणि शेवटी वय बघून कोर्टानं त्यांना दंडावर सोडलं. त्या थकत गेल्या. शेवटच्या वर्षी अंथरुणालाच खिळल्या. त्यांचं सगळं हे करायचे. न्हाऊ घालायचे, भरवायचे, पण मुकाट्यानं.

ती दुपार मला आठवते. मी दारापाशी तांदूळ निवडत होते. हे त्यांना पेज भरवत होते. मध्येच आत्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"नवनाथ, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचार."

"रान माझ्यामुळं तर न्हाई ना गेलं?"

सुपातले माझे हात थांबले. इतक्या वर्षांत कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी नाही, ह्यांनी नाही, साहेबांनीही शब्द पाळला होता. त्यांच्या त्यांनाच कधीतरी मनात आलं असेल. किती दिवस मनात धरून पडल्या होत्या, देव जाणे.

ह्यांनी चमचा वाटीत ठेवला. "न्हाई, आई. ते आधीच ठरलेलं होतं. तू केलंस न केलंस, जाणारच होतं."

"खरं?"

"तुझ्या गळ्याशपथ."

आत्याबाई त्यांच्याकडं टक लावून बघत राहिल्या. ह्यांना खोटं बोलता येत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मला वाटलं, आता त्या ओळखणार. पण त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मग माझ्याशी बोलत का न्हाईस रं?"

ह्यांनी कपाळ आईच्या हातावर टेकवलं आणि तसेच वाकून बसले. वाटीतली पेज गार झाली तरी ते उठले नाहीत.